एकच आकडा, घरातली चार माणसे

प्रश्न : माझे बाळ चार महिन्यांचे आहे आणि ते पूर्णपणे अंगावरच्या दुधावर आहे. मोबाइलवर आलेला एक संदेश वाचल्यापासून माझ्या पतीने घरातील प्रत्येकाने रोज चार लिटर पाणी प्यायचेच, असा नियम केला आहे. त्यातले दीड लिटर सकाळी अनशापोटी आणि एक पेला झोपण्यापूर्वी, कारण त्याने हृदयविकाराचा झटका टळतो म्हणे. सासऱ्यांचे वय ७४ आहे. त्यांच्या हृदयाची ताकद कमी झाल्यामुळे डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरची मर्यादा घालून लघवी वाढवणारी गोळी दिली आहे, पण हल्ली संध्याकाळी त्यांच्या घोट्यांवर सूज दिसते. उन्हाळा आहे, बाळालाही चमच्याने पाणी पाजा, असे घरी येणारे सांगतात. मी स्वतः चार लिटर पिते, तर दिवसभर पोट डब्ब असते आणि रात्री तीन-चारदा उठावे लागते. जेवताना पाणी पिऊ नये, उभ्याने पिऊ नये, चहा हिशेबात धरू नये, पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ५०च्या आत हवा, ही यादी वेगळीच. यातले खरे किती आणि खोटे किती?

उत्तर : तुमच्या पत्रात अनेक प्रश्न आहेत, पण त्यांचा क्रम मी बदलतो, कारण सासऱ्यांच्या बाबतीत थांबायला वेळ नाही. त्यांचे चार लिटर पाणी आजच बंद करा आणि उद्या त्यांच्या डॉक्टरांना फोन करून दोन गोष्टी स्पष्ट सांगा : ते काही दिवस ठरलेल्या मर्यादेहून बरेच जास्त पाणी पीत होते आणि त्यांच्या घोट्यांवर सूज आली आहे. हृदय दुबळे झाले की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवू लागते. ते जादा पाणी पायांत उतरते आणि फुप्फुसांतही साचते. लघवी वाढवणारी गोळी हे पाणी बाहेर काढण्यासाठी दिलेली असते. एका हाताने गोळी देऊन दुसऱ्या हाताने तांब्या पुढे करणे म्हणजे डॉक्टरांच्या उपचाराविरुद्ध घरातच दुसरा उपचार चालवणे होय. सपाट झोपल्यावर त्यांना धाप लागत असेल, रात्री गुदमरून जाग येत असेल किंवा चार पावले चालताच दम लागत असेल, तर फोनवर न थांबता त्यांना थेट रुग्णालयात न्या.

रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, सारख्याच कपड्यांत त्यांचे वजन करा आणि लिहून ठेवा. तीन दिवसांत वजन दोन किलोहून अधिक वाढले, तर ती चरबी नसते, ते साचलेले पाणी असते आणि सूज डोळ्यांना दिसण्याआधीच ते वजनकाट्यावर दिसते. आणखी एक धोका घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. अशा गोळ्यांवर असलेल्या वृद्ध व्यक्तीने भरपूर साधे पाणी प्यायले, तर रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरू शकते. मग माणूस असंबद्ध बोलतो, झोपाळतो, तोल जाऊन पडतो, आणि घरचे ‘वयोमानाने असे होतेच’ म्हणून गप्प बसतात. म्हणून डॉक्टरांशी बोलताना सोडियमची रक्ततपासणी करावी का, हे अवश्य विचारा. मात्र गोळीचा डोस स्वतः वाढवू नका आणि घाबरून पाणी एकदम तोडूही नका. वय वाढते तशी तहानेची जाणीव बोथट होते, त्यामुळे उकाड्यात त्यांना पाणी कमी पडण्याचा धोकाही खराच असतो. हृदयाच्या प्रत्येक रुग्णाला मोजूनमापून पाणी द्यावे का, यावर तज्ज्ञांमध्येही अलीकडे नव्याने विचार होऊ लागला आहे. पण ती मर्यादा सैल करायची की नाही, हे त्यांच्या हृदयाची आणि मूत्रपिंडांची स्थिती पाहणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे असते. झोपण्याआधीच्या पेल्याने झटका टळतो, या दाव्याला कोणताही आधार नाही. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत त्या पेल्याची निष्पत्ती एवढीच, की अंधारात न्हाणीघराकडे जाण्याची एक फेरी वाढते आणि या वयात पडून हाड मोडण्याचे प्रसंग अशा फेरीत येऊ शकतात.

आता बाळाविषयी. सहा महिने पूर्ण होईपर्यंत त्याला पाण्याचा एक थेंबही नको, उन्हाळा कितीही कडक असला तरी नको. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका हीच आहे आणि तिची कारणे सरळ आहेत. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, त्यामुळे तहान आणि भूक एकाच वेळी भागते. बाळाचे पोट लहान असते, त्यात पाणी गेले की तेवढे दूध कमी जाते. त्याची मूत्रपिंडे अजून कोवळी असल्यामुळे जादा पाणी त्यांना झपाट्याने बाहेर टाकता येत नाही आणि सोडियम फार खाली गेले तर बाळाला आकडीचे झटके येऊ शकतात. पाणी दूषित असेल तर जुलाबाचे भय वेगळेच. उकाड्यात बाळाला जास्त वेळा अंगावर घ्या, ते मागेलच. दिवसभरात सहा किंवा अधिक वेळा लंगोट चांगला ओला होत असेल आणि वजन वाढत असेल, तर त्याला पुरेसे मिळते आहे असे समजा. पावडरचे दूध पिणाऱ्या बाळांच्या बाबतीतही हाच धोका वेगळ्या रूपात येतो : पावडर पुरवून वापरण्यासाठी दूध पातळ करणे. तेही तितकेच घातक आहे. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की पाण्याचे घोट सुरू करता येतात. सांगणाऱ्या मंडळींशी वाद घालू नका, ‘बाळाच्या डॉक्टरांनी मनाई केली आहे’ एवढे म्हणा. या वाक्यापुढे सहसा कोणी हट्ट धरत नाही.

आता तुमच्या चार लिटरकडे येऊ. या प्रकारचे आकडे कुठून आले, हे पाहणे उद्बोधक आहे. १९४५ साली अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने प्रौढ माणसाला दिवसाकाठी सुमारे अडीच लिटर पाण्याची गरज असते असे म्हटले आणि लगेच पुढे, यातील बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळते, असेही नमूद केले. पहिले विधान जगभर गेले, दुसरे कागदावरच राहिले. दिवसाला आठ पेले हा नियम बहुधा तिथूनच आला असावा, असे मानले जाते. मूत्रपिंडाच्या कार्याचे अभ्यासक हाइन्झ व्हाल्टिन यांनी २००२ साली या नियमाचा शास्त्रीय आधार शोधला, तेव्हा निरोगी माणसांसाठी असा आधार त्यांना सापडला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ देशांतील ५,६०० हून अधिक लोकांच्या शरीरातून रोज किती पाणी येते-जाते, हे मोजले गेले. त्यासाठी जड हायड्रोजन असलेले पाणी पाजून तो शरीरातून किती वेगाने बाहेर पडतो हे पाहिले होते, म्हणजे कोणाच्या आठवणीवर विसंबण्याचा प्रश्न नव्हता. बहुतेकांच्या बाबतीत ही उलाढाल एक लिटरपासून सहा लिटरपर्यंत पसरलेली निघाली. वय, शरीराचा बांधा, श्रम, हवेतील उष्मा आणि दमटपणा, गर्भारपण अशा अनेक गोष्टींनुसार ती बदलत होती. शिवाय या उलाढालीत अन्नातील पाणी, शरीरात अन्नाच्या ज्वलनातून तयार होणारे पाणी आणि श्वासावाटे ये-जा करणारी वाफ हे सगळे येते, म्हणजे तेवढे पाणी तांब्याने प्यायला हवे असा त्याचा अर्थ नाही. एवढी तफावत असताना तुमच्या सासऱ्यांना, तुमच्या पतीला आणि तुम्हाला एकच आकडा लावणे हा मूळ घोटाळा आहे.

या गरजेचा हिशेब शरीर कसे ठेवते, हे समजले की गजर लावून पाणी पिण्याची निकड वाटेनाशी होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी रक्ताच्या दाटपणावर सतत नजर ठेवतात. तो दाटपणा एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी त्यांना कळते. आधी त्या व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक सोडून मूत्रपिंडांना पाणी वाचवायला लावतात, आणि तहान लागते ती साधारण याच टप्प्यावर किंवा त्यानंतर थोड्याच वेळात. म्हणजे ‘तहान लागली की समजा पाणी आधीच कमी पडले आहे’ हे वाक्य निरोगी प्रौढाला लागू होत नाही, कारण वैद्यकीय अर्थाने पाणी कमी पडण्याच्या बरीच आधी तहानेची सूचना आलेली असते. पाणी प्यायल्यावर काय होते, तेही मोठे विलक्षण आहे. प्यायलेले पाणी आतड्यातून रक्तात पुरते मिसळायला वेळ लागतो, पण तहान मात्र पहिल्या काही मिनिटांतच भागते, कारण तोंड आणि घसा किती घोट खाली गेले याची वर्दी मेंदूला आधीच देतात. पुढे रक्त किंचित पातळ झाले की व्हॅसोप्रेसिन घटते आणि मूत्रपिंडे जादा पाणी सोडून देतात. सकाळी एका दमात प्यायलेल्या दीड लिटर पाण्यातला मोठा भाग म्हणूनच दोन-तीन तासांत लघवीवाटे निघून जातो. शरीर पुढच्या दिवसासाठी पाणी साठवून ठेवत नाही.

त्या पाण्याने ‘विषारी द्रव्ये धुऊन निघतात’ हे वाक्य तुमच्या पतीच्या संदेशात नक्की असणार, ते नसलेला असा संदेश माझ्या पाहण्यात नाही. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात घेतात. हे काम तुम्ही दोन लिटर प्या किंवा चार, अखंड चालूच असते. पाणी वाढवले की लघवी पातळ होते, ती जास्त शुद्ध होते असे नाही. सकाळची पहिली लघवी पिवळी असणे हेही विषाचे लक्षण नव्हे. तो रंग जुन्या तांबड्या पेशींच्या विघटनातून येतो आणि रात्री शरीराने पाणी राखून ठेवल्यामुळे गडद दिसतो. दिवसा लघवी फिकट पिवळी असली की पुरे, ती पाण्यासारखी पांढरी दिसावी म्हणून धडपडण्याचे कारण नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेत असाल तर ती भडक पिवळी होते, त्याचाही पाण्याशी संबंध नाही.

निरोगी माणसाची मूत्रपिंडे तासाला साधारण पाऊण ते एक लिटरपर्यंत पाणी बाहेर टाकू शकतात. म्हणून दिवसभरात विभागून प्यायलेले चार लिटर तुमच्यासारख्या तरुण, निरोगी व्यक्तीला सहसा घातक ठरत नाहीत. थोड्या वेळात त्याहून बरेच अधिक प्यायले, तर मात्र धोका आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपताच ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम कमी आढळले आणि तिघांचे तर जीव धोक्यात येईल इतके खाली गेले होते. या घसरणीचा सर्वांत घट्ट संबंध शर्यतीत वजन वाढण्याशी होता, म्हणजे घामावाटे गेले त्याहून जास्त पाणी ते धावता धावता प्यायले होते. तुमचे पती व्यायाम करत असतील, तर हा दाखला त्यांच्यासाठी. पाणी भरपूर प्यायल्यावर कधी डोके ठणकणे, मळमळणे, गोंधळल्यासारखे होणे असा त्रास झाला, तर त्यावर आणखी पाणी पिणे हा उपाय नाही.

तुम्ही अंगावर पाजता, त्यामुळे तुमची गरज थोडी जास्त आहेच. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये स्त्रियांसाठी दिवसाला दोन लिटर एकूण पाणी पुरेसे मानले आणि पाजणाऱ्या आईसाठी त्यात सुमारे ७०० मिलिलिटरची भर सुचवली. अमेरिकेतील आकडा याहून बराच मोठा आहे, मात्र दोन्हींत अन्नातले पाणी धरलेले आहे. दोन तज्ज्ञ संस्थांच्या आकड्यांत एवढे अंतर पडते, यावरून त्यांच्याकडे कितपत काटेकोर नियम म्हणून पाहावे ते ठरवा. बळजबरीने पाणी प्यायल्याने दूध वाढते, याला पुरावा नाही. बाळ जितके ओढते, तितके दूध तयार होते. पाजताना बहुतेक आयांना तहान लागते, म्हणून जवळ पाण्याचा पेला ठेवा आणि हवे तेवढेच प्या. गजर बंद करा, संध्याकाळनंतर आग्रहाने पिणे थांबवा. बाळ झोपू देते त्या वेळीही पाणी झोपू देत नाही, अशी तुमची सध्याची अवस्था आठवडाभरात सुधारेल. ती सुधारली नाही, किंवा पाणी कमी करूनही तहान आणि लघवी दोन्ही अनावर राहिली, तर रक्तातील साखर तपासून घ्या. चहा-कॉफीही पाण्याच्या हिशेबात धरा. सवय असलेल्या माणसाच्या शरीरातून माफक कॉफीमुळे पाणी जास्त जात नाही, हे २०१४ मध्ये रोज कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांवर केलेल्या तुलनेत दिसून आले. मात्र तुम्ही पाजत असल्यामुळे कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवा.

बाकीची यादी लवकर आटोपते. जेवताना पाणी प्यायल्याने पाचकरस निकामी होत नाहीत. जठरातून पाणी भराभर पुढे सरकते आणि जठर गरजेनुसार आम्ल स्रवत राहते. आम्लपित्ताचा त्रास असलेल्याला भरल्या पोटी खूप पाणी नको वाटेल, तो त्याच्या सोयीचा प्रश्न. उभ्याने प्यायल्याने सांधे बिघडतात, हे तर शरीररचनेच्या कोणत्याच वाटेने सिद्ध करता येणार नाही, कारण पाणी आतड्यातून शोषले जाते आणि आतड्याला तुम्ही बसला आहात की उभे, याचे काही सोयरसुतक नसते. गार पाण्याने पोटातली चरबी गोठते हेही तसेच. आम्लारी (अल्कलाइन) पाण्याच्या महागड्या यंत्रांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण त्या संदेशाच्या पाठोपाठ हाही संदेश येईलच. जठरातले आम्ल इतके तीव्र असते की असे पाणी तिथे पोहोचताच त्याचा आम्लारी गुण संपतो, आणि रक्ताचा सामू (पीएच) फुप्फुसे व मूत्रपिंडे ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान राखतात.

सगळ्यांनीच पाणी कमी करावे, असा माझ्या लिहिण्याचा अर्थ कृपया कोणी काढू नये. ज्यांना मूतखडा होऊन गेला आहे, त्यांनी खरोखरच जास्त प्यायला हवे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या चाचणीत, दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतके पाणी पिणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के रुग्णांना पुन्हा खडा झाला, तर नेहमीइतकेच पिणाऱ्यांत हे प्रमाण २७ टक्के होते. वारंवार मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होणाऱ्या आणि मुळात कमी पाणी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर वाढवले, तेव्हा त्यांचे आजारपण जवळजवळ निम्म्यावर आले, हे २०१८ च्या अभ्यासात आढळले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत मात्र मूत्रपिंडाच्या जुन्या आजाराच्या रुग्णांना जास्त पाणी प्यायला लावूनही त्यांच्या मूत्रपिंडांची घसरण मंदावली नाही. म्हणजे मूत्रपिंडाचेच दोन आजार आणि पाण्याचा परिणाम वेगवेगळा. जुलाब-उलट्या होत असतील, तर नुसते पाणी पुरत नाही, मीठ-साखरेचे योग्य प्रमाण असलेली जलसंजीवनी लागते. उन्हात अंगमेहनत करणाऱ्याने तहानेला दाद दिलीच पाहिजे आणि तिथे चार लिटरही कमी पडू शकतात.

राहिला टीडीएस. हा आकडा पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेले आहेत, याचा अंदाज देतो, आणि ते हातातले छोटे यंत्र तर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच मोजून त्यावरून हा अंदाज बांधते. त्याला जंतू दिसत नाहीत. घातक ठरेल इतके आर्सेनिकही त्याच्या आकड्यात वेगळे उठून दिसत नाही, कारण त्याची सुरक्षित मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम इतकी सूक्ष्म आहे आणि यंत्र मोजते ते मिलिग्रॅममध्ये. म्हणून टीडीएस ४० असलेले पाणी आजारी पाडू शकते आणि ४०० असलेले निर्धोक असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने टीडीएससाठी आरोग्याच्या निकषावर कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही, लिटरला सुमारे ६०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चवीला चांगले लागते, इतकेच म्हटले आहे. पाणी नितळ आणि बिनवासाचे आहे म्हणून ते शुद्ध, हाही असाच भ्रम आहे. उकळल्याने जंतू मरतात, त्यासाठी खळखळून उकळी येणे पुरेसे असते, पण नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक हे उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढते. तुमचे पाणी नळयोजनेचे असेल, तर साठवण स्वच्छ, झाकलेली आणि आत हात न बुडवता पाणी काढता येईल अशी ठेवा. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे असेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जिवाणू, नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिक या चार तपासण्या करून घ्या, आणि पाणी शुद्ध करणारे यंत्र घ्यायचे की नाही, कोणते घ्यायचे, हे तो अहवाल हाती आल्यावरच ठरवा.